कचरा डेपोचा वास आणि आपली तब्येत: फुरसुंगी, उरुळी, मोशीकरांचे नेहमीचे प्रश्न

पुण्यात सासवड रोडला राहायला आलेला माणूस पहिल्या महिन्यात शेजाऱ्याला विचारतो, "हा वास कसला?" दुसऱ्या महिन्यात तो डॉक्टरांना विचारतो, "यानं काही होत तर नाही ना?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेजारी देतो. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा "काही नाही हो, सवय होईल" एवढंच मिळतं. उरुळी-फुरसुंगीच्या कचरा डेपोजवळच्या भेकराईनगर, मंतरवाडी, हांडेवाडी या पट्ट्यात आणि तिकडे पिंपरी-चिंचवडच्या डेपोशेजारी मोशीत पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

डेपोवरून येतो तो वास नेमका कशाचा?

ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला की आत हवा पोचत नाही. मग हवेशिवाय जगणारे जिवाणू तो कुजवतात आणि त्यातून वायू तयार होतो. या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. गंमत अशी की या दोघांनाही वास नाही. नाकाला झोंबतात ते एखाद्या टक्क्याहूनही कमी प्रमाणात असलेले बाकीचे वायू: सडक्या अंड्यासारखा हायड्रोजन सल्फाइड, मुतारीसारखा अमोनिया, कुजक्या कोबीसारखे गंधकाचे इतर वायू, आणि आंबूस वासाची सेंद्रिय आम्लं.

यातला हायड्रोजन सल्फाइड ओळखायला नाक फार तरबेज आहे. हवेच्या अब्जावधी कणांत त्याचे थोडेसे कण असले तरी अनेकांना तो कळतो. म्हणजे विषबाधा होईल त्याच्या कितीतरी आधी नाक सांगायला लागतं. "वास येतोय म्हणजे विष पोटात गेलं" असं घाबरायचं कारण नाही. पण "नुसता वासच तर आहे" हेही खरं नाही. ते का, ते पुढच्या उत्तरात.

मग या वासाने माणूस आजारी पडतो की नाही?

पडतो, आणि त्यासाठी वायूचं प्रमाण विषारी पातळीला पोचावं लागत नाही.

डोकं दुखणं, मळमळ, डोळ्यांची आग, घसा खवखवणं, नाक चोंदणं, झोपमोड, चिडचिड, जेवण न जाणं. डेपोशेजारी राहणाऱ्यांच्या तक्रारींची ही यादी जगभर जवळपास सारखीच निघते. त्यामागे तीन वेगवेगळ्या वाटा आहेत. पहिली वाट थेट चिडचिडीची: अमोनियासारखे वायू डोळे आणि नाकातल्या ओल्या त्वचेला झोंबतात, चेहऱ्याच्या संवेदना नेणारी नस तो झोंबरेपणा मेंदूला कळवते, आणि डोळ्यांत पाणी येतं, खोकला येतो. दुसरी वाट किळसेची: सडका वास आला की पोट ढवळणं ही शरीराची जुनी राखण आहे, त्यात मनाचा कमकुवतपणा काही नाही. तिसरी वाट ताणाची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हीच करते. रात्री दोनला वासानं जाग येते, उकाड्यात खिडक्या बंद कराव्या लागतात, पाहुण्यांना घरी बोलवायला लाज वाटते, आणि हे कधी थांबेल याचा पत्ता नसतो. महिनोन् महिने अशी झोप मोडली तर रक्तदाब, मधुमेह, अर्धशिशी असलेल्यांचा त्रास वाढतो. त्यासाठी वायूने विषारी असण्याची गरजच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं हायड्रोजन सल्फाइडसाठी दोन वेगळे आकडे सुचवले आहेत. तब्येतीच्या दृष्टीने 24 तासांच्या सरासरीसाठी घनमीटरला 150 मायक्रोग्रॅम, आणि लोकांना वासाचा उपद्रव होऊ नये म्हणून अर्ध्या तासाच्या सरासरीसाठी फक्त 7 मायक्रोग्रॅम. वासाचा उपद्रव ही स्वतंत्रपणे टाळायची गोष्ट आहे हे त्यांनी मान्य केलंय. आपल्याकडे तक्रार घेऊन गेलं की "रिपोर्ट नॉर्मल आहे" असं सांगतात, तेव्हा तो रिपोर्ट यातल्या कोणत्या आकड्याशी ताडून पाहिला, हे जरूर विचारा.

हवेचा अॅप तर हिरवा दाखवतो. मग आमची तक्रार खोटी का?

अजिबात नाही. अॅपमधला एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया आणि शिसं यांवरून काढतात. हायड्रोजन सल्फाइड त्यात नाहीच. देशाच्या हवा-मानकांतल्या बारा प्रदूषकांतही तो नाही. त्यात अमोनिया आहे, 24 तासांसाठी 400 मायक्रोग्रॅम या मर्यादेसह, पण मोजणारं केंद्र तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर नसतं. आणि पहाटे चार ते सहा वास मारणारी हवा 24 तासांच्या सरासरीत विरून जाते.

आता आम्हाला वास येतच नाही. म्हणजे सुटलो?

नाक सतत येणाऱ्या वासाकडे दुर्लक्ष करायला शिकतं. घरी आलेल्या पाहुण्यांनी दारातच नाकाला रुमाल लावला आणि तुम्हाला काहीच जाणवलं नाही, तर हवा सुधारलेली नाही, नाक थकलंय.

हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत याचा एक जीवघेणा प्रकारही आहे. दहा लाखांत शंभर भाग एवढं प्रमाण झालं की वास ओळखणारी नसच बधिर होते. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरलेल्या कामगारांचे मृत्यू होतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे: आधी वास येतो, मग येईनासा होतो, आणि तो गेला असं वाटतं. मोकळ्या हवेत डेपोच्या कुंपणाबाहेर एवढं प्रमाण होत नाही. पण झिरपलेल्या काळ्या पाण्याच्या टाकीत, बंद चेंबरमध्ये किंवा डेपोलगतच्या पडक्या विहिरीत कुणीही, कितीही घाईचं काम असलं तरी, तसंच उतरू नये.

घरात पाहता येण्यासारखी एक खूण आहे. देवघरातली चांदीची निरांजनं, मुलीचे पैंजण घासून ठेवल्यावर किती दिवसांत काळे पडतात ते बघा. गंधकाचे वायू चांदीवर काळा थर धरतात. चांदी इतर कारणांनीही काळवंडते, म्हणून हा पुरावा नाही. पण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या बहिणीच्या घरी तीच चांदी तीन महिने पांढरी राहत असेल, तर मनाशी नोंद करून ठेवायला हरकत नाही. हे वायू तांबंही खातात, म्हणून एसीच्या तांब्याच्या नळ्या वारंवार गळत असतील तर मेकॅनिकलाही हे सांगा.

रात्री, पहाटे आणि पाऊस पडून गेल्यावरच वास का वाढतो?

थंडीत रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, आणि वर गरम हवेचं झाकण बसतं. वारा पडलेला असतो. डेपोतून निघणारा वायू वर जाण्याऐवजी जमिनीलगत पसरतो आणि सखल भागात साचतो. ऊन वर आलं की झाकण फुटतं. म्हणून सकाळी अकराला पाहणीला आलेल्या साहेबांना वास येत नाही आणि आपण खोटे ठरतो.

पावसाचं कारण वेगळं. ओल वाढली की कुजणं वाढतं, आणि पावसाआधी हवेचा दाब उतरला की ढिगात कोंडलेला वायू जास्त बाहेर येतो. त्यात पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, त्यामुळे डेपोच्या पूर्वेला राहणाऱ्यांना तो जास्त भोगावा लागतो.

डेपोत नवा कचरा टाकणं कमी झालं, ढीग झाकले, तरी वास का जात नाही?

उरुळी-फुरसुंगीच्या डेपोवर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून पुण्याचा कचरा पडत आलाय, आणि त्यातली कितीतरी वर्षं तो उघडाच पडला. कचरा टाकणं थांबलं तरी आतलं कुजणं कित्येक वर्षं चालू राहतं. मातीचा थर आणि प्लास्टिकचं आवरण घालून ढीग बंद केला तरी आतल्या वायूला नळ्यांमधून बाहेर काढून जाळावं लागतं. ते केलं नाही तर तो भेगांतून वाट काढतोच.

बायोमायनिंगचं, म्हणजे जुना कचरा खोदून, चाळून वेगळा करण्याचं काम चालू असेल तर काही काळ वास वाढतो. वर्षानुवर्षं कोंडलेला थर उघडा पडतो, त्याला इलाज नाही. पण खोदाई थंडीच्या पहाटे न करता दिवसा, वारा असताना करता येते, खोदलेला भाग लगेच झाकता येतो, कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं द्रावण फवारता येतं. नुसता सुगंधी फवारा मारला की वास दबतो, वायू तेवढाच राहतो. मला विचाराल तर तो फवारा म्हणजे रहिवाशांच्या नाकाला दिलेली लाच आहे.

2016 च्या घनकचरा नियमांनी रोजचा कचरा किमान 10 सेंटीमीटर मातीनं किंवा राडारोड्यानं झाकायला सांगितलं होतं, आणि पावसाळ्याआधी 40 ते 65 सेंटीमीटरचा जाड थर. ढीग उघडा दिसला तर फोटो काढताना हे आकडे लक्षात असू द्या.

कॅन्सर होतो का?

इटलीतल्या लाझिओ प्रांतात डेपोंपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या सुमारे 2 लाख 42 हजार लोकांचा अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. जिथे हायड्रोजन सल्फाइडचा संपर्क जास्त होता तिथे श्वसनाच्या आजारांसाठी दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण जास्त दिसलं, मुलांमध्येही, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरनं होणाऱ्या मृत्यूंशीही संबंध दिसला. संबंध दिसणं म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे. डेपोशेजारी राहणारे लोक बरेचदा गरीब असतात, धूम्रपान, ट्रकचा धूर, धुळीचे व्यवसाय हे सगळं सोबत येतं, आणि अशा अभ्यासात ते पूर्ण वेगळं काढणं कठीण जातं.

म्हणून "डेपोमुळे कॅन्सर होतो" असा फलक लावून आंदोलन केलं तर समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत तो खाली उतरवेल. झोप, डोकेदुखी आणि दमा यांवर भांडलं तर त्याला बोलायला जागा राहत नाही.

गरोदर बाईला आणि बाळाला धोका किती?

2001 मध्ये ब्रिटनमध्ये डेपोंपासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांचा फार मोठा अभ्यास झाला. जन्मजात दोषांचं प्रमाण तिथे किंचित जास्त आढळलं, पण ते डेपोमुळेच असं म्हणता आलं नाही. वास येतो म्हणून गर्भ राहू देऊ नये किंवा माहेरी पळावं असं कुठलाही डॉक्टर सांगणार नाही. वासामुळे उलट्या वाढून खाणं कमी पडत असेल, किंवा कचरा पेटून धूर होत असेल, तर मात्र काही दिवस दुसरीकडे राहिलेलं बरं.

दमेकरी, म्हातारी माणसं, लहान मुलं?

यांना आधी त्रास होतो. मुलं वजनाच्या मानानं जास्त हवा घेतात. दम्यात तीव्र वासानंही श्वासनळ्या आवळू शकतात. पहाटे फिरायला जाणाऱ्या आजी-आजोबांनी थंडीत वेळ बदलून ऊन पडल्यावर जावं. रोजचा इनहेलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. "बरं वाटतंय" म्हणून पंप सोडून देणारे आणि पुढच्या धुरात अडकणारे प्रत्येक वाडीत भेटतात.

बोलताना वाक्य पुरं होत नाही, छाती आत ओढली जातेय, ओठ निळे पडतायत असं दिसलं तर वाट न बघता 108 ला फोन करा.

मास्क, प्युरिफायर, धूप यांचा उपयोग?

एन-95 मास्क धूर आणि धूळ अडवतो, वायू अडवत नाही. प्युरिफायरचंही तसंच: हेपा फिल्टर कणांसाठी असतो. वासासाठी त्यात चांगला जाड सक्रिय कोळशाचा थर लागतो, आणि तो भरला की बदलावा लागतो. दुकानदाराने दाखवलेला पातळ काळा कागद म्हणजे तो थर नव्हे.

धूप, अगरबत्ती, कापूर लावून वास झाकू नका. बंद खोलीत त्याचा धूर फुप्फुसाला डेपोच्या वासाइतकाच, कधी जास्तही, त्रास देतो. संध्याकाळी वास सुरू होण्याआधी खिडक्या लावा, दुपारी उन्हात दोन्ही बाजूंनी उघडून घर हवेशीर करा. बाथरूमच्या ट्रॅपमध्ये पाणी आहे ना हेही बघा, कारण कधी कधी "डेपोचा वास" आपल्याच ड्रेनेजमधून येत असतो.

आग लागली तर?

तिथे वासाचा प्रश्न संपतो आणि धुराचा सुरू होतो, आणि तो खूप जास्त गंभीर असतो. प्लास्टिक मिसळलेला कचरा धुमसतो तेव्हा बारीक कण, कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन, डायऑक्सिन असं सगळं हवेत जातं. आतून धुमसणारी आग दिवसेंदिवस विझत नाही. 2017 च्या एप्रिलमध्ये उरुळीच्या डेपोला आग लागल्यावर ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या होत्या आणि शहरात सुमारे तीन आठवडे कचरा तुंबला होता. 2022 च्या एप्रिलमध्ये मोशीचा डेपोही पेटला. दोन्ही वेळा एप्रिल, म्हणजे उन्हाळा लागला की ढिगावर नजर ठेवायला हवी.

धूर दिसला तर खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल, बाहेर पडायचंच असेल तर एन-95. दमेकरी आणि बाळंतीण शक्य असल्यास नातेवाइकांकडे.

बोअरचं पाणी प्यावं का?

डेपोच्या उताराकडच्या विहिरी आणि बोअरचं, नाही. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत मुरतं, आणि ते उकळून शुद्ध होत नाही, कारण उकळल्यानं जंतू मरतात, क्षार आणि धातू तिथेच राहतात. या गावांत टँकर का येतो याचं हेच कारण आहे. टँकरच्या पाण्याला वेगळा वास आला तर तेही तपासायला द्या.

माशांमुळे काही होतं?

हो. जुलाब, उलट्या, विषमज्वर. अन्न झाकून ठेवा, खिडक्यांना जाळी बसवा.

फ्लॅट घेताना किती अंतर सुरक्षित मानायचं?

2016 च्या नियमांत डेपो वस्तीपासून किमान 200 मीटर लांब हवा होता. ते अंतर कागदावरचं, शांत रात्री वास काही किलोमीटर जातो. जाहिरातीत "सासवड रोडपासून पाच मिनिटं" असतं, डेपो किती मिनिटांवर आहे हे नसतं. फ्लॅट पाहायला दुपारी बोलावतील. एकदा डिसेंबरच्या पहाटे साडेपाचला आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी जा. वॉचमनला विचारा, सेल्सवाल्याला नको.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय सांगायचं?

"वासाचा त्रास होतो" एवढ्यावर थांबू नका. कुठे राहता, त्रास कोणत्या वेळी होतो, गावाला गेल्यावर थांबतो का, एवढ्या तीन गोष्टी सांगा. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. दिवाळीत आठ दिवस कोकणात राहिल्यावर खोकला गेला आणि परतल्यावर दोन रात्रींत आला, ही माहिती रक्ताच्या दहा तपासण्यांपेक्षा कामाची. धाप लागत असेल तर फुंकर मारून करायची श्वास-चाचणी सुचवली जाईल, ती करून घ्या. आणि केसपेपरवर पत्ता आणि "कचरा डेपोजवळ वास्तव्य" एवढं लिहायला सांगा. तो कागद पुढे उपयोगी पडतो.

तक्रार कुठे करायची?

आधी आपली हद्द पाहा. उरुळी देवाची आणि फुरसुंगी 2017 मध्ये पुणे महापालिकेत गेली, नंतर 2024 मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. त्यामुळे लोकांना एका कार्यालयातून दुसऱ्यात पाठवणं सोपं झालंय. हद्द कुणाचीही असो, प्रकल्प महापालिकेचा असेल तर तक्रार महापालिकेकडेही करा. महापालिकेच्या 'पीएमसी केअर' या तक्रार सेवेवर टाकली की तक्रार क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा.

प्रदूषणाची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. त्यांचं प्रादेशिक कार्यालय वाकडेवाडीला जोग सेंटरमध्ये आहे. लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार म्हणजे न केलेली तक्रार.

हे दोन्ही करून काही हललं नाही तर राष्ट्रीय हरित लवाद. त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे, मुंबईला जावं लागत नाही. वेळेचं बंधन मात्र कडक आहे: कारण घडल्यापासून सहा महिने, फार तर आणखी साठ दिवस. नुकसानभरपाईसाठी पाच वर्षं. याशिवाय सार्वजनिक उपद्रव म्हणून दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 152 आहे.

बाणेर-सूस रस्त्यावरच्या ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पाविरुद्ध तिथले रहिवासी लवादात गेले, 2020 मध्ये लवादानं तो बंद करायला सांगितलं, आणि 2024 च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं तो आदेश रद्द केला. पण प्रकल्प चालू ठेवताना नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेच्या शिफारशी पाळा, झाडी वाढवा, कचरा बंद गाड्यांतून आणा, असंही बजावलं. "प्रकल्प हटवा" यापेक्षा "वास येणार नाही असा चालवा" ही मागणी कोर्टात जास्त टिकते, असा मी त्यातून अर्थ काढतो.

आम्ही कोथरूडला राहतो. आमचा काय संबंध?

आज वनाझला मेट्रोचा डेपो आहे तिथे पूर्वी कोथरूडचा कचरा डेपो होता. तुमच्याकडचा वास गेला म्हणजे कचरा संपला असं झालं नाही, तो दुसऱ्याच्या अंगणात गेला. पुण्यात रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा होतो आणि वास येतो तो त्यातल्या ओल्या भागामुळे. तुमच्या घरातल्या भाजीच्या देठांत सॅनिटरी पॅड आणि दुधाची पिशवी मिसळली की ती बादली खतासाठी बाद होते आणि ढिगाकडे जाते. कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई दारात येऊन ओला-सुका वेगळा मागतात, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका.

वासाची नोंद कशी ठेवायची?

साधी शाळेची वही. तारीख, सुरू झालेली वेळ, संपलेली वेळ, वास कसला (सडकं अंडं, आंबट, जळका), जोर एक ते पाच, वारा कुठून, पाऊस होता का, घरात कुणाला काय झालं. वास नव्हता त्या दिवशी "नव्हता" लिहायचं, नाहीतर वही ठरवून लिहिली असा आरोप होतो. पाच-सहा घरांनी वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांना न विचारता लिहिली तर उत्तम. नमुना असा:

"पहाटे 4.10 ते 6.45. सडकं अंडं. जोर 4. वारा नाही, धुकं. आईला दोनदा पंप द्यावा लागला. धाकटा शाळेत गेला नाही."